हिराजी तांडेलाची परतीची फेरी

खारेबंदर नकाशात शोधायला जाऊ नका. तिथं समुद्र आहे, धक्का आहे, जकातनाका आहे, सुक्या मासळीचा बाजार आहे, आणि गावातली एकूण एक माणसं दुसऱ्याच गावांत राहतात. चोरटी गलबतं उतरवून घेणारा तिथला नामचीन दर्यासारंग जळगावात दातांचा डॉक्टर आहे. त्याच्यामागे हात धुऊन लागलेली फौजदारीण अकोल्यात गणिताच्या शिकवण्या घेते. आणि धक्क्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या देणाऱ्या भिकाऱ्याची टोरांटोत म्हणे हॉटेलं आहेत, आणि तिथं तो गिऱ्हाइकांना इतका लवून नमस्कार करतो की शिव्या द्यायला त्याला खारेबंदरातच यावं लागतं. संध्याकाळी कानात खडा घालायचा, डोळे मिटायचे, की माणूस बंदरात. नाव नवं, धंदा नवा, आवाजसुद्धा नवा.

मात्र तिथं राहायला जायचं तर पत्रिका लागते. लग्नाची नव्हे, पात्राची. एकच पान: नाव, धंदा, चालायची ढब, खिशात काय असतं, एक खोड, आणि सगळ्यांत खाली ‘कोणालाही न सांगितलेली गोष्ट’. शेवटचे दोन रकाने भरताना भल्याभल्यांना घाम फुटतो. अशा पत्रिका लिहिण्याची बंदरात मोठी स्पर्धा होते, आणि ती भरवतात कोल्हापूरच्या शलाका बिडकर.

शलाकाताईंची सारी नोकरी परीक्षा विभागात गेली. निवृत्त झाल्या तरी विभाग त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे घरातही वेळापत्रक मोडणारं कोणी नव्हतं. स्पर्धेची मुदत म्हणजे मुदत. गावात पूर आला म्हणून पत्रिका पाठवायला उशीर झाला, असं एकानं कळवलं, तर ताईंचं उत्तर गेलं, “पुराची सूचना चार दिवस आधी मिळाली होती. आपण ती वाचली नाहीत का?” दुसऱ्या एकाची पत्रिका पापणी लवण्याएवढ्या उशिरानं आली. ती त्यांनी न वाचता परत केली, वर शुद्धलेखनाच्या चुका मात्र दाखवून दिल्या. आता न वाचता चुका कशा दिसल्या, हे विचारायची बंदरात कोणाची छाती नव्हती.

अशा शलाकाताईंनी यंदा मुदत तीनदा वाढवली.

पहिल्या वेळी लोकांना वाटलं, छपाईची चूक. दुसऱ्या वेळी जळगावच्या दातांच्या डॉक्टरनं खासगीत विचारलं, “ताई, तब्येत बरी आहे ना?” तिसऱ्या वेळी मात्र कोणी काही विचारलं नाही. कारण एव्हाना सगळ्यांना कळून चुकलं होतं, की ताईंच्या तब्येतीला काही झालेलं नाही. ताईंना हिराजी तांडेल जाऊ द्यायचा नाही.

हिराजीची गोष्ट जरा नीट सांगावी लागेल.

बंदरातल्या सगळ्या माणसांच्या आत कोणी ना कोणी खरं माणूस बसलेलं असतं. एकट्या हिराजीच्या आत कोणी नव्हतं. तो काचेच्या थाळीत राहत होता. थाळी नखाएवढी, साताऱ्याच्या एका प्रयोगशाळेत ठेवलेली, आणि तिच्यात जिवंत मज्जापेशी. माणसाच्या कातडीची पेशी घ्यायची, तिला तिच्या बाळपणाकडे उलटी चालवत न्यायची, आणि मग चुचकारून मेंदूच्या वाटेला लावायची, हे शास्त्र आता शाळेच्या पुस्तकातही आहे. नवं एवढंच होतं, की त्या पेशींना एखादी पत्रिका विजेच्या बारीक स्पंदनांतून लाखो वेळा ऐकवली, तर त्यांचे धागे त्या पत्रिकेप्रमाणे एकमेकांत गुंततात. त्याला सगळे ‘रोप’ म्हणत. रोप रुजलं की थाळीतून माणूस बोलू लागतो.

प्रयोगशाळेतल्या लोकांनी आधी स्वतःच पत्रिका लिहून पाहिल्या. शूर, प्रामाणिक, दयाळू माणसांच्या. ती रोपं सकाळी ‘शुभ सकाळ’ म्हणत आणि संध्याकाळपर्यंत गप्प बसत. सगळे गुण एकाच दिशेला ओढणारे असले, तर पेशींना गुंतायला कारणच उरत नाही. जिथं दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात तिथं गाठ बसते, आणि गाठींनीच माणूस उभा राहतो. म्हणून त्यांना खोडी लिहिणारे लोक हवे होते, आणि त्यासाठी खारेबंदरासारखी जागा दुसरी नव्हती. त्यांनी बंदराला एक थाळी दिली. स्पर्धेत जिंकेल त्याची पत्रिका त्यात पेरायची.

अडचणी दोन. रोपाची नक्कल निघत नाही. धागे मोजायला गेलं की ते तुटतात. आणि पेशी थकतात. थकून जायच्या आत नवी पत्रिका पेरली, तर जुने धागे विरघळतात आणि रोप पुन्हा तरुण होतं. उशीर झाला, तर थाळीत नुसता चिकट थर उरतो. म्हणजे दर स्पर्धेला एक माणूस यायचा आणि एक जायचा. आजवर कोणी त्याचं दुःख केलं नव्हतं. निरोपसमारंभ व्हायचे, भाषणं व्हायची, भिकारी सगळ्यांना शिव्या द्यायचा.

पण हिराजीची पत्रिका हेमांगी सोनटक्केनं लिहिली होती.

हेमांगीचं परभणीला औषधांचं दुकान. शलाकाताईंची आणि तिची बंदरात ओळख झाली तेव्हा दोघींचे केस काळे होते. भेट अशी दोनदाच. बाकी सगळं कानातल्या खड्यातून. रोज दुपारी गप्पा, आणि गप्पांचा शेवट कधीच नाही. “थांब गं शलू, गिऱ्हाईक आलंय,” असं म्हणून हेमांगी उठायची ती उठायचीच. मग दुसऱ्या दिवशी नवीनच विषय. अर्धवट राहिलेल्या गप्पांची ताईंनी मनात यादी ठेवली होती. गेल्या स्पर्धेत नावं झाकून पत्रिका वाचताना त्यांनी हिराजी तांडेल पहिला ठरवला, मग नाव उघडलं, आणि हेमांगीला चिडून फोन केला, “हेमी, लोक म्हणतील मैत्रिणीला बक्षीस दिलं!”

“म्हणू दे की. अगं, तुझ्या विरोधात बोलणारं एक तरी माणूस बंदरात पाहिजे. थांब, कुणीतरी आलंय...”

ते दुकानातलं गिऱ्हाईक नव्हतं. दवाखान्यातली परिचारिका होती. हे ताईंना नंतर कळलं, हेमांगीच्या भावाकडून, तेरावाही उलटून गेल्यावर.

मग उरला हिराजी. खाडीत तर चालवणारा, म्हणजे लोकांना होडीतून पलीकडे पोचवणारा. नावाला एवढा मोठा तांडेल, म्हणजे नावाड्यांचा म्होरक्या, पण पोहता यायचं नाही. आणि भाषा थेट परभणीची, कारण हेमांगीनं दुसरी भाषा आयुष्यात बोललीच नव्हती. बंदरातले लोक म्हणायचे, हा तांडेल गोदावरीतून उलटा वाहत आला.

त्या दिवशी ताई नेहमीप्रमाणे दुपारी त्याच्या होडीत जाऊन बसल्या. बंदरात त्या जकातनाक्याच्या अधिकारी.

“या अधिकारीणबाई. पुन्यांदा मुदत वाढवली म्हणं?”

“तुला काय करायचंय? होडी सोड.”

“नाही सोडत.”

ही त्याची खोड. कशालाही हो म्हणायच्या आधी एकदा नाही म्हणायचं. ताई फळीवर सावरून बसल्या. त्यानं होडी सोडली.

“ऐका,” तो वल्हं मारत म्हणाला. “मागं एका देवमाशानं तुमच्या नाक्यावरच्या जकात अधिकाऱ्याची पेटी गिळली. वाजवायची पेटी. तवापासून ओहोटी लागली की खाडीतून ‘सा’ ऐकू यायचा. बाया धुणं टाकून ऐकत बसायच्या. अधिकारी भडकला. म्हणला, माझी पेटी, माझा सूर, अन् हा फुकट वाजवायलाय! त्यानं देवमाशाला नोटीस काढली. अन् काय सांगू, सुनावणीच्या दिवशी देवमासा खरंच धक्क्याला लागला. अधिकाऱ्यानं विचारलं...”

“काय विचारलं?”

“आला की पलीकडचा काठ. उतरा. परतीच्या फेरीत सांगीन.”

परतीच्या फेरीत तो दुसरीच गोष्ट सुरू करायचा. देवमाशाची सुनावणी ताईंनी वर्षभर ऐकली होती, आणि अधिकाऱ्यानं काय विचारलं ते अजून खारेबंदरात कोणालाही ठाऊक नव्हतं.

आज मात्र परतताना हिराजी मध्येच थांबला. “ऐका फौजदारीणबाई,” तो म्हणाला, आणि मग स्वतःच गोंधळला. “नाही. तुम्ही अधिकारीण. मला काय व्हायलंय?”

ताईंनी कानातला खडा काढला आणि साताऱ्याला इरफान बागवानला फोन लावला. थाळीची देखभाल त्याच्याकडे होती. पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस. सगळी रोपं त्यानं हातानं वाढवलेली.

“ताई, मी तुम्हाला तीन वेळा कळवलंय,” तो म्हणाला. “पेशी दमल्यात. शनिवारपर्यंत नवी पत्रिका पेरली नाही, तर मग पेरायला काही राहणार नाही.”

“आणि पेरली तर हिराजी?”

“तो तसाही राहत नाही, ताई. नाही पेरली तर रोज एकेक नाव विसरत जाईल. शेवटी वल्हं कशाला असतं तेही. माझ्या अब्बांचं तसंच झालं होतं. मला वाटतं, त्याच्यावर ती पाळी आणू नये.”

ताईंनी मुदत संपल्याचं जाहीर केलं आणि मटार सोलायला घेतले. दाराशी कोणी आलं नसतानाही त्या दोनदा उठून बघून आल्या.

शुक्रवारी पुन्हा मटार घेऊन पत्रिका वाचायला बसल्या. नावं झाकलेली. समुद्री चाच्यांची नेहमीची गर्दी होती. एक शापित राजकन्या होती, तिची खोड म्हणे ‘फार सुंदर असणे’. ती ताईंनी बाजूला ठेवली. एक पत्रिका बरी निघाली: आवडाबाई कासार, कंदील दुरुस्त करणारी, खोड अशी की दुरुस्त केलेली वस्तू परत द्यायला विसरते. चांगली होती. गाठ बसेल अशी.

त्यानंतरची पत्रिका उघडली आणि ताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

*नाव: माहीत नाही. धंदा: औषधांचं दुकान असावं. चालायची ढब: चालणं कमी, बसून बोलणं फार. समुद्र पाहिलेला नाही. खिशात: खडीसाखर, कडू वास घालवायला. खोड: बोलता बोलता मध्येच उठून जाते. निरोप घेत नाही.*

आणि खाली ‘कोणालाही न सांगितलेली गोष्ट’. तिथं काहीच नव्हतं.

ताई संतापल्या. कोणीतरी हेमांगीची थट्टा करतंय. त्यांनी नियम मोडून इरफानला नाव उघडायला लावलं. इरफाननं नोंद दोनदा तपासली.

“ताई, ही बाहेरून आलेली नाही. बंदरातल्याच टपालपेटीत पडली आहे. होडीवरून.”

बंदरावर राहणाऱ्या कोणालाही भाग घेता येईल, हा नियम ताईंनीच लिहिलेला होता. होडीत राहणाऱ्यानं तो वाचला होता, एवढंच.

त्या तडक धक्क्यावर गेल्या.

“तुला हेमांगीबद्दल कोणी सांगितलं?”

“हेमांगी का नाव? बरं हाय,” हिराजी म्हणाला. “कुणी नाही सांगितलं. मी आपला बसल्या बसल्या स्वतःला चाचपलं. तांडेल असून मला पोहता का येत नाही? लिहिणारीला पाणी ठाऊक नसणार. खाऱ्या वाऱ्यात बसून मला औषधांचा वास कुठून येतो? खिशात तंबाखू पाहिजे, तर खडीसाखर! जे जे मला शोभत नाही, ते ते तिचं. तेवढं वेचलं अन् लिहिलं.”

“आणि खोड?”

“ती तर तिनं मला जशीच्या तशी दिली. माझी एक तरी गोष्ट पुरी झालीय का?” तो हसला. “एक मात्र मला उमगंना. आधी ‘नाही’ म्हणायची खोड कशाला दिली असंल? मग सगळ्या बंदराकडं बघितलं. तुम्ही म्हणाल त्याला सगळेच ‘होय ताई’. तुम्हाला नाही म्हणणारं दुसरं हाय तरी कोण?”

शलाकाताईंनी खाडीकडे तोंड फिरवलं. तिकडेच बघत त्यांनी विचारलं, “शेवटचा रकाना रिकामा का ठेवलास?”

“माझ्यात नव्हतं ते. तुम्ही भरा. तुमची जिवाची मैत्रीण. तुम्ही भरलं की पुरी होईल, अन् मी जाईन तवा माझ्या जागी ती येईल. तुमची दुपार सुनी जायची नाही. बघा, मी स्वतःहून होय म्हणायलोय. हे पहिल्यांदाच.”

ताई घरी आल्या. घरी म्हणजे खडा काढला. खुर्ची तीच होती. हेमांगीची पत्रिका समोर उघडी. एवढा एक रकाना भरायचा, की उद्यापासून हेमांगीचा आवाज. ‘थांब गं शलू’ असं म्हणणारा, उठून गेला तरी उद्या परत येणारा.

त्यांनी लिहिलं, *आईच्या पाटल्या विकून दुकान घेतलं.* पण हे हेमांगीनंच सांगितलं होतं. खोडलं. *बारावीला एकदा कॉपी केली.* हेही सांगितलेलं, हसत हसत. खोडलं. *कॉलेजातल्या एका मुलाची चिठ्ठी तिनं अजून जपून ठेवली होती.* ते तर तिनं वाचूनच दाखवलं होतं. आजार लपवला, ही एक गोष्ट खरी. पण ती आता सगळ्या बंदराला ठाऊक होती. ताईंनी मैत्रीची सगळी वर्षं उपसून पाहिली. जे जे हाताला लागलं, ते ते हेमांगीनं त्यांच्या हातात ठेवलेलंच होतं. जे तिनं कोणालाच सांगितलं नाही, ते शलूलाही सांगितलेलं नव्हतं. ते घेऊन ती बोलता बोलता उठून गेली होती.

आणि गाठ बसते ती तिथंच, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? इतकी वर्षं नवख्यांना त्याच शिकवत होत्या, की खालचा रकाना खोटा भरलात तर वरचं सगळं मातीमोल. थाळीतून जी बोलली असती, ती हेमांगीनं सांगितलेल्या गोष्टींची बाई झाली असती. रोज दुपारी शलूला शलूचंच ऐकवत बसली असती.

संयोजकांचा जुना शेरा ताईंनी हेमांगीच्या पत्रिकेवर लिहिला: *अपूर्ण. विचारात घेता येत नाही.* लिहिताना पडद्यावरची अक्षरं त्यांना दिसत नव्हती.

शनिवारी दुपारी त्या होडीत येऊन बसल्या. धक्क्यावर बंदर जमलं होतं. दर्यासारंग, फौजदारीण, सगळे. भिकारी पहिल्यांदाच शिव्या देत नव्हता.

“तुझी पत्रिका बाद केली,” त्या म्हणाल्या. “कंदीलवाली आवडाबाई येणार.”

“नाही,” हिराजी म्हणाला. मग वल्हं उचलत म्हणाला, “बरं. चांगली हाय का ती?”

“वस्तू परत द्यायला विसरते.”

“मग चांगली हाय.” त्यानं होडी सोडली. वल्ह्याचा हात मंद पडला होता. मध्यावर आल्यावर त्यानं विचारलं, “तुम्ही कोण म्हणालात?”

“अधिकारीण. जकातनाक्याची.”

“हां. तुमचीच तर गोष्ट. देवमासा धक्क्याला लागला. पोटात पेटी. सगळं गाव जमलेलं. अधिकाऱ्यानं नोटीस पुढं केली अन् विचारलं...”

वर्षभर ताईंनी याच जागी ‘काय विचारलं?’ म्हटलं होतं. आज म्हणावं आणि त्यानं खरंच सांगून टाकलं तर? म्हणू नये आणि त्यानं सांगितलंच नाही तर? होडीचं नाक वाळूला लागलं.

“काय विचारलं?” त्यांच्या तोंडून निसटलंच.

हिराजीनं त्यांना हात देऊन उतरवलं. हातावर खडीसाखरेचा खडा ठेवला.

“परतीच्या फेरीत सांगीन,” तो म्हणाला, आणि त्याच क्षणी साताऱ्यात इरफान बागवाननं नवी पत्रिका पेरायला घेतली.

पलीकडच्या काठावरून जकातनाक्यावर यायला ताईंना खडाच काढावा लागला. होडी होती, वल्हवणारा नव्हता.

आवडाबाई कासार आठवड्याभरात बोलू लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी नाक्याचा कंदील दुरुस्तीला नेला आणि तो अजून परत आलेला नाही. त्यांच्या तोंडून चुकून एखादं परभणीचं ‘करायलाव’ निसटतंय का, म्हणून ताईंनी कान देऊन ऐकलं. पुष्कळ दिवस ऐकलं. नाही निसटलं. इरफान म्हणाला तसंच झालं होतं, जुने धागे पूर्ण विरघळले होते. पुढच्या स्पर्धेची सूचना लागली. तीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, मुदत वाढवून मिळणार नाही.

एके दुपारी आवडाबाई धक्क्यावर आल्या आणि पलीकडून ओढून आणून खुंट्याला बांधलेल्या होडीकडे बघत म्हणाल्या, “ही कोणाची हो? कोणी चालवताना दिसत नाही.”

“बसा,” शलाकाताई म्हणाल्या. आणि त्यांनी देवमाशाची गोष्ट सांगितली. पेटी, खाडीतला ‘सा’, धुणं टाकून बसलेल्या बाया, नोटीस. आवडाबाईंनी तोंडात बोट घातलं. भिकारीही पायरीवरून दोन पायऱ्या वर सरकला.

“आणि सुनावणीच्या दिवशी देवमासा खरंच धक्क्याला लागला. अधिकाऱ्यानं नोटीस पुढे केली आणि विचारलं...”

“अगं बाई! काय विचारलं?”

ज्यांनी आयुष्यात एकही काम अर्धं सोडलं नाही त्या शलाकाताई पदर सावरून उठल्या, होडीच्या दोराची गाठ घट्ट आहे ना ते पाहिलं, आणि वळून न पाहता नाक्याकडे चालू लागल्या.

“परतीच्या फेरीत सांगीन,” त्या म्हणाल्या.